स्वच्छ विजेच्या खाणी आणि त्यात राबणारी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात उद्यमबागेला लागून माझं बॅटरी आणि सोलर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. आधी ट्रॅक्टरच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या यायच्या, आता निम्म्याहून जास्त काम इलेक्ट्रिक स्कूटरच्या पॅकचं. खानापूर, निपाणी, चंदगड, हल्याळ, सगळीकडून माणसं येतात. पॅक उघडायचा म्हणजे दोन तास जातात, मग गिऱ्हाईक स्टुलावर बसतं आणि बोलणं निघतं. दोन वर्षांपूर्वी खानापूरकडच्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलं, "अण्णा, ह्या बॅटरीसाठी लहान पोरं खाणीत उतरतात म्हणे. खरं काय?" मला धड उत्तर देता आलं नाही. ज्या वस्तूवर माझं घर चालतं तिच्याबद्दल मला एवढंही ठाऊक नव्हतं, हे मनाला लागलं. तेव्हापासून वाचत गेलो, विचारत गेलो. दुकानात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि मला सापडलेली उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

स्कूटरच्या बॅटरीत नेमकं असतं काय?

पत्र्याचा डबा उघडला की आत सेलच्या रांगा दिसतात. एकेक सेल भिंतीवरच्या घड्याळातल्या पेन्सिल सेलपेक्षा थोडा जाड आणि लांब. बऱ्याच पॅकमध्ये १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल असतो, नव्या गाड्यांत त्याहून मोठा येतो. निकेलच्या पातळ पट्ट्या डाग देऊन सेल एकमेकांना जोडलेले असतात, वर एक हिरवी सर्किटची पाटी असते, सेलवर लक्ष ठेवणारी, तिला आम्ही बीएमएस म्हणतो.

खरी गोष्ट सेलच्या आत आहे. आत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची कागदासारखी पातळ पट्टी गुंडाळलेली असते. तांब्याच्या पट्टीवर ग्राफाईटचा काळा लेप आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दुसरा काळा लेप. हा दुसरा लेप कशाचा आहे त्यावर सेलची जात ठरते. एनएमसी जातीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असतं. एलएफपी जातीत लोखंड आणि फॉस्फेट. लिथियम दोन्हीत. तीन युनिटच्या एनएमसी पॅकमध्ये साधारण पाव ते अर्धा किलो कोबाल्ट असतं, म्हणजे बाजारातून आणलेल्या साखरेच्या पुडीएवढं. एका गाडीला एवढंच, पण गाड्या लाखांनी आहेत.

कोबाल्टच्या खाणीत खरंच लहान मुलं काम करतात का?

होय.

जगातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतं, त्यातही देशाच्या दक्षिणेला कोलवेझी शहराभोवतीच्या पट्ट्यातून. बहुतेक माल मोठ्या यांत्रिक खाणींतून निघतो. पण काही हिस्सा हाताने खोदणाऱ्यांचा आहे. त्यांना तिथे 'क्रझर' म्हणतात, म्हणजे खणणारे. छिन्नी-हातोडा आणि कपाळाला बांधलेली बॅटरी घेऊन ते उतरतात. विहिरीसारखा उभा खड्डा, आधाराला लाकूड नाही, हवा जायला वाट नाही. विहीर खणणाऱ्या माणसाला विचारा, दरड कशी येते ते. तो सांगेल की माती आधी आवाज करत नाही.

२०१४ मध्ये युनिसेफने अंदाज केला होता की दक्षिण काँगोतल्या खाणींवर सुमारे ४० हजार मुलं काम करतात. त्यातली बरीच कोबाल्टच्या कामावर होती. २०१६ साली ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संस्थेने मुलांशी बोलून अहवाल काढला. मुलांनी सांगितलं की दिवसाला बारा बारा तास काम आणि हातात एक ते दोन डॉलर. लहान मुलं खड्ड्यात कमी उतरतात. ती मोठ्या खाणींनी टाकलेल्या ढिगाऱ्यांतून दगड वेचतात, ओढ्यात धुतात, पाठीवर पोती वाहतात. बायका लेकरं पाठीला बांधून गाळ चाळतात. कोबाल्टची धूळ फुप्फुसात बसली की कायमची इजा करते आणि तिथे बहुतेकांच्या तोंडाला साधं फडकंही नव्हतं.

मोठ्या खाणीत सगळं आलबेल असतं असंही नाही. जून २०१९ मध्ये कोलवेझीजवळच्या एका मोठ्या खाणीच्या हद्दीत चोरून शिरलेले खणणारे दरडीखाली सापडले, किमान ४३ जण गेले. खाण वाढवायची म्हणून वस्त्या उठवल्या जातात. २०२३ च्या ॲम्नेस्टीच्या अहवालात कोलवेझीतल्या घरांची, शेतांची सक्तीने झालेली हकालपट्टी नोंदवली आहे. भरपाई तुटपुंजी, काहींच्या हाती तीही नाही. धरणात जमीन गेलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग लोक तिथे जातात कशाला? दुसरं काम करावं.

हा प्रश्न बहुतेक वेळा चांगल्या मनानेच विचारला जातो, पण उत्तर आपल्या गावातही आहे. शेत पिकत नाही, कारखाना बंद पडला, घरात आजारी माणूस आहे, तेव्हा माणूस जे मिळेल ते करतो. कोलवेझी पट्ट्यात सरकारी खाण कंपनी होती, जेकामिन. तिच्यावर घरं, दवाखाने, शाळा चालत. १९९० च्या दशकात ती कोलमडली आणि हजारो कुटुंबं उघड्यावर आली. ज्यांना दगड ओळखता येत होता त्यांनी दगड खणला.

खणलेल्या मालाचा भावही त्यांच्या हातात नाही. पोतं व्यापाऱ्याच्या ठेल्यावर जातं. व्यापारी आपल्याच यंत्राने कस मोजतो, आपल्याच काट्यावर वजन करतो आणि आकडा सांगतो. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्याला, सौदा कसा होतो आणि बोलायला जागा किती असते, हे पाठ आहे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी तीन आठवड्यांहून जास्त पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले होते ते याच कारणाने.

कोबाल्ट असलेल्या वस्तूंवर बहिष्कार टाकला तर?

मला हा उपाय पटत नाही. माल विकत घेणं एकदम थांबलं तर त्या कुटुंबाची चूल त्याच दिवशी थांबते आणि मूल शाळेत न जाता दुसऱ्या, कदाचित वाईट कामाला जातं. तिथले कार्यकर्तेही हेच सांगतात: खणणं बंद करू नका, ते माणसाला शोभेल असं करा. मुतोशी नावाच्या ठिकाणी काही वर्षं तसा प्रयोग झाला होता. कुंपण, नाव-नोंदणी, हेल्मेट, वरून माती काढून उघडा केलेला थर, मुलांना आत मज्जाव. २०२० मध्ये कोरोनात तो थांबला. म्हणजे करता येतं हे दिसलं आहे. पैसा कोणी घालायचा यावर गाडी अडते.

मोठ्या कंपन्यांवर केस झाली नाही का?

झाली. डिसेंबर २०१९ मध्ये मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या मुलांच्या घरच्यांच्या वतीने अमेरिकेत ॲपल, गुगल, डेल, मायक्रोसॉफ्ट आणि टेस्ला या पाच कंपन्यांवर दावा दाखल झाला. खालच्या कोर्टाने तो फेटाळला आणि मार्च २०२४ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच केलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की जागतिक साखळीतून माल विकत घेणं म्हणजे त्या कृत्यात भागीदारी करणं नव्हे. मला हा निकाल मनापासून खटकतो. साखळीत दहा हात आहेत, म्हणून शेवटच्या हाताला पहिल्या हाताचं रक्त लागत नाही, असं कसं म्हणता येईल?

युरोपने २०२३ मध्ये बॅटरीचा कायदा केला. कच्चा माल कुठून आला, तिथे माणसांचं आणि पाण्याचं काय झालं, हे कंपनीने तपासून दाखवायचं अशी त्यात अट आहे. ती अट २०२५ च्या ऑगस्टपासून लागू व्हायची होती, ती दोन वर्षं पुढे ढकलली.

निकेलचं काय? ते तर स्टीलमध्येही असतं.

असतं, पण बॅटरीमुळे मागणी वाढली आणि जगातलं निम्म्याहून जास्त निकेल आता इंडोनेशियातून येतं. २०२० पासून त्यांनी कच्चं खनिज बाहेर पाठवणं बंद केलं, त्यामुळे सुलावेसी आणि हालमाहेरा बेटांवर भट्ट्या उभ्या राहिल्या. त्या भट्ट्यांना वीज पुरवतात ती शेजारी बांधलेली कोळशाची केंद्रं. धुराशिवाय चालणाऱ्या गाडीचा धातू धुरातच शिजतो आहे. खनिज वरच्या थरात असल्याने डोंगरावरचं जंगल साफ करून लाल माती खरवडतात आणि पावसात ती माती समुद्रात उतरते. मासेमारीवर जगणाऱ्या गावांसमोरचं पाणी लाल होतं. २४ डिसेंबर २०२३ ला मोरोवाली इथे भट्टीच्या दुरुस्तीत स्फोट झाला आणि २१ कामगार गेले.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ज्याने उन्हाळ्यात वितळलेलं लोखंड ओतलंय त्याला ही बातमी वाचून झोप लागणार नाही. मला लागली नाही.

लिथियमला पाणी फार लागतं असं ऐकलं.

दोन तऱ्हा आहेत. ऑस्ट्रेलियात दगड फोडून लिथियम काढतात. चिली आणि अर्जेंटिनाच्या उंच वाळवंटात जमिनीखालचं खारं पाणी उपसून मोठमोठ्या उथळ तळ्यांत सोडतात आणि उन्हाने आटवतात. आपल्याकडे कोकणात मिठागरं असतात ना, तसंच, फक्त मैलोन्‌मैल. एक टन लिथियम-क्षारामागे लाखो लिटर खारं पाणी वाफ होऊन जातं. ते पिण्याचं पाणी नव्हे असं कंपन्या सांगतात. पण अताकामा हे चिलीतलं वाळवंट म्हणजे जगातला अतिशय कोरडा भाग. तिथे जमिनीखालचं खारं आणि गोडं पाणी एकमेकाला लागून असतं. एकाचा उपसा केला की दुसऱ्याची पातळी हलते, अशी तिथल्या मूळ रहिवासी समाजांची तक्रार आहे. बोअर मारून शेजाऱ्याची विहीर आटवण्याचे तंटे आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, तेव्हा मला ती तक्रार लगेच समजली.

सौंदत्तीकडच्या पवनचक्क्या आणि छतावरचे सोलर पॅनल तरी स्वच्छ आहेत ना?

वीज स्वच्छ आहे, यात शंका नको. मालाचा इतिहास मात्र तपासावा लागतो.

सगळ्या पवनचक्क्यांत दुर्मीळ धातू नसतात. गिअरबॉक्स असलेल्या जुन्या पद्धतीच्या जनित्रांना त्यांची फारशी गरज नसते. ज्यांत कायम चुंबक बसवलेला असतो त्यांना निओडिमियम आणि डिस्प्रोशियम लागतं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बऱ्याच मोटरमध्येही हेच चुंबक. यातला जड प्रकारचा, म्हणजे डिस्प्रोशियमसारखा, मोठा माल गेल्या काही वर्षांत म्यानमारच्या काचिन भागातून चीनमध्ये गेला. तिथे डोंगराला भोकं पाडून रसायन आत सोडतात आणि खाली निथळणारं पाणी तळ्यांत धरतात. २०२२ साली ग्लोबल विटनेस या संस्थेने उपग्रहाच्या चित्रांवरून मोजलं तर जवळपास ३०० जागी २,७०० हून जास्त तळी निघाली. तो भाग सशस्त्र गटांच्या ताब्यात, त्यामुळे तक्रार घेऊन जायचं तरी कोणाकडे?

पॅनलमधलं सिलिकॉन हा वेगळा विषय. काही वर्षांपूर्वी जगातलं जवळपास निम्मं पॉलिसिलिकॉन, म्हणजे पॅनलसाठी लागणारं शुद्ध सिलिकॉन, चीनच्या शिनजियांगमधून येत होतं आणि तिथल्या उईघूर या मुस्लिम समाजाच्या लोकांना सरकारी योजनेच्या नावाखाली जबरदस्तीने कामाला लावल्याचे पुरावे पुढे आले. अमेरिकेने जून २०२२ पासून तिथला माल रोखला. आपल्याकडे तशी आडकाठी नाही.

म्हणजे कोळसाच बरा, असंच ना?

नाही. हा प्रश्न पारावर सगळ्यात जास्त ऐकतो, म्हणून स्पष्ट लिहितो. २०२४-२५ मध्ये एकट्या भारतात १०० कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला. एका वर्षात. तो जाळला की संपला, पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच खणायचा. बॅटरीतला धातू जळत नाही, तो पुन्हा काढता येतो. कोळशाच्या खाणीतली माणसं, राखेच्या तळ्याशेजारची गावं, हीही माणसंच. विजापूर जिल्ह्यात कुडगीला २,४०० मेगावॅटचं केंद्र आहे, तिथल्या आसपासच्या शेतकऱ्यांना राखेबद्दल विचारून बघा. एका खाणीतला अन्याय दाखवून दुसऱ्या खाणीतल्या अन्यायावर पांघरूण घालू नये, एवढंच माझं मागणं.

आपल्या भागाचा याच्याशी काय संबंध? हितं कुठं कोबाल्ट आहे?

कोबाल्ट नाही, पण ॲल्युमिनियम आहे. पॅनलची चौकट, मोठ्या लाइनच्या तारा, गाडीचे सांगाडे, सेलमधली पट्टी, सगळीकडे ॲल्युमिनियम. ते बॉक्साईटपासून होतं. बेळगावात ॲल्युमिनाचा, म्हणजे बॉक्साईटमधून काढलेल्या आणि पुढे ॲल्युमिनियम होणाऱ्या भुकटीचा, कारखाना आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला लागणारं बॉक्साईट सह्याद्रीच्या माथ्यावरून, चंदगड आणि राधानगरी बाजूच्या सड्यांवरून येत आलं आहे.

सडा म्हणजे काय हे शहरातल्या पोरांना सांगावं लागतं. डोंगराच्या माथ्यावरचं सपाट कातळ. वरून काळं-तांबडं, उन्हात तापलेलं, ओसाड वाटणारं. पण पाऊस लागला की त्याच्या भोकाभोकांतून पाणी आत जातं, आणि माथ्याखाली कडेला झरे फुटतात. कणकुंबी-जांबोटीकडे ज्यांची गावं आहेत त्यांना माहीत आहे की मार्च-एप्रिलपर्यंत कोणता झरा वाहतो आणि कोणता शिमग्यालाच आटतो. श्रावणात त्याच कातळावर इवल्या इवल्या फुलांचा गालिचा पसरतो. बॉक्साईट असतं ते नेमकं या कातळात. ते काढायचं म्हणजे पाणी धरणारा थरच उचलायचा. नंतर खड्डा बुजवून वर झाडं लावली तरी जुन्या थराचं काम नवी माती करत नाही.

कारखान्याचाही प्रश्न आहे. बॉक्साईटमधून ॲल्युमिना काढल्यावर कॉस्टिक सोड्याचा अंश असलेला लाल चिखल उरतो, ॲल्युमिनाच्या वजनाइतका किंवा त्याहून जास्त. तो साठवावा लागतो. ऑक्टोबर २०१० मध्ये हंगेरीत आयका इथे असा बांध फुटून दहा माणसं गेली. झारखंडात मुरीला एप्रिल २०१९ मध्ये लाल चिखलाचा ढिगारा ढासळला. म्हणून ज्या ज्या गावात असा साठा आहे तिथल्या लोकांना बांधाची तपासणी कधी झाली, अहवाल कुठे बघायला मिळतो, हे विचारायचा पूर्ण हक्क आहे.

लिथियमचं विचाराल तर कर्नाटकात नाव निघतं ते मंड्य जिल्ह्यातल्या मर्लगल्लाचं. २०२१ मध्ये तिथे १,६०० टनांचा प्राथमिक अंदाज सांगितला गेला, जगाच्या मानाने फारच थोडा. २०२३ च्या फेब्रुवारीत काश्मीरच्या रियासीत ५९ लाख टनांची बातमी आली तेव्हा पेढे वाटायचेच बाकी होते. तो आकडा खनिजाच्या दगडाचा होता, शुद्ध लिथियमचा नव्हे, आणि पुढे लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत.

बळ्ळारीत इतकं झालं, त्यातून काही बदललं का?

बदललं, आणि ते बदलणारी माणसं आपल्या शेजारच्या धारवाडची होती, हे आवर्जून सांगतो. बळ्ळारी-सोंडूर-होसपेट पट्ट्यात २००० नंतर लोखंडाचा भाव वाढला तेव्हा डोंगरच्या डोंगर गेले. होसपेट-सोंडूरच्या रस्त्याकडेला हातोडीने खनिज फोडणारी लहान मुलं असायची. पिकांवर तांबडी धूळ, विहिरीत तांबडं पाणी. चोरीचा माल उत्तर कन्नडमधल्या बेलेकेरी बंदरातून बाहेर जायचा. २०१० मध्ये तिथे जप्त केलेला लाखो टन मालसुद्धा गायब झाला.

लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी जुलै २०११ मध्ये अहवाल दिला. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदाय या संस्थेने, एस. आर. हिरेमठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सुप्रीम कोर्टात याचिका लावून धरली होती. त्याच महिन्यात कोर्टाने बळ्ळारीतलं खाणकाम थांबवलं. पुढे १८ एप्रिल २०१३ च्या निकालात खाणींचे अ, ब, क असे वर्ग केले. हद्द ओलांडून सर्रास लूट केलेल्या 'क' वर्गाच्या खाणी रद्द झाल्या. बाकीच्यांवर काढायच्या मालाची मर्यादा आली.

आणि त्याच दिवशी, १८ एप्रिल २०१३ ला, त्याच कोर्टाने ओडिशातल्या नियमगिरीचा निकाल दिला. तिथे डोंगरावर बॉक्साईटची खाण हवी की नको हे ग्रामसभांनी ठरवावं, असं सांगितलं. बारा गावांच्या सभा झाल्या. बाराही गावं नाही म्हणाली. खाण झाली नाही.

सोंडूरमध्ये मँगनीजही निघतं, आणि मँगनीज एनएमसी बॅटरीतही लागतं. लोखंडाच्या वेळी जे शिकलो ते मँगनीजच्या वेळी विसरू नये.

आमच्या गावात सर्व्हेवाले आले तर काय करायचं?

पहिलं, घाबरून सही करू नका आणि भांडणही काढू नका. कोणत्या खात्याकडून आलात, कोणतं खनिज, कोणते सर्व्हे नंबर, हे लिहून घ्या. फोटो काढा.

खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जनसुनावणीचा नियम २००६ च्या अधिसूचनेत आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष असतो, किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते आणि सगळ्याचं चित्रीकरण करावं लागतं. लहान क्षेत्राच्या काही खाणी यातून सुटतात. ज्याला तिथे बोलायचं धाडस होत नाही त्याने लेखी हरकत द्यावी, तिलाही तेवढंच वजन आहे.

आता वाईट बातमी. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजं आणि 'महत्त्वाची व सामरिक' म्हणून ठरवलेली खनिजं यांच्या खाणींना या जनसुनावणीतून सूट दिली. लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्राफाईट, दुर्मीळ धातू यात येतात. म्हणजे स्वच्छ विजेच्या नावाने जी खाण येईल तिथेच गावाला बोलायची जागा उरली नाही. मला हे चूक वाटतं. देशाला खनिज तातडीने हवं आहे हे खरं, पण गावाला विचारायला लागणारे दोन-तीन महिने ही काही देश अडवणारी गोष्ट नाही. बॉक्साईट, लोखंड आणि मँगनीज त्या यादीत नाहीत, त्यांची सुनावणी राहते.

जमीन जंगलाची असेल तर वनहक्क कायदा २००६ आहे, आणि नियमगिरीत उपयोगी पडला तो हाच. खानापूर, हल्याळ, जोयडा भागातल्या गवळी धनगर कुटुंबांनी आपले दावे आजच पुरे करून ठेवावेत. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जुन्या पावत्या, देवळाच्या नोंदी, गावातल्या वडीलधाऱ्यांची लेखी साक्ष, काही टाकून देऊ नका.

आणि भाषेचं. नोटीस येते कन्नडात, अहवाल इंग्रजीत. साठीच्या पुढच्या आपल्या कितीतरी माणसांना दोन्ही वाचता येत नाहीत. मराठीत कागद मागा, अर्ज देऊन पोच घ्या. पण कागद मराठीत येईपर्यंत थांबूही नका, कारण तीस दिवस थांबत नाहीत. गावातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या मुलीला बोलवा आणि देवळात बसून मोठ्याने वाचून घ्या. एका गावात असं वाचन मी बघितलं आहे. ती मुलगी एकेक ओळ कन्नडात वाचायची, मग मराठीत सांगायची, आणि 'झरा' हा शब्द अख्ख्या अहवालात एकदाही आला नाही हे एका म्हाताऱ्या आजीच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी गावचे झरे मोजून हरकतीत नावानिशी लिहिले.

गाडी घेताना कोबाल्ट नसलेली बॅटरी कशी ओळखायची?

शोरूममध्ये 'एलएफपी आहे का' असं सरळ विचारा. उत्तर आलं नाही तर पॅकवरचा स्टिकर वाचा. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा, एनएमसीचा ३.६ किंवा ३.७ चा. स्टिकरवर ५१.२ असेल तर ते सोळा गुणिले ३.२, म्हणजे एलएफपी. ५०.४ किंवा ५१.८ दिसलं तर चौदा सेलची एनएमसी. एलएफपी वजनाला जड, त्यामुळे तेवढ्याच वजनात पल्ला कमी. पण जास्त वेळा चार्ज होते आणि तापून पेट घेण्याचा धोका कमी. बेळगाव ते खानापूर रोज जा-ये करणाऱ्याला ती पुष्कळ झाली. मी स्वतः तीच सुचवतो. अर्थात फॉस्फेटही खाणीतूनच येतं, तेव्हा एलएफपी घेतली म्हणजे सगळं सुटलं असं समजू नये.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला दिली तर बिघडतं काय?

याचं उत्तर मी अंगावर वागवतो. १९९४ साली, सतरा वर्षांचा असताना, एका बॅटरीच्या दुकानात कामाला लागलो. शिशाच्या बॅटऱ्या. जुनी बॅटरी आली की कोयत्याने वरचं झाकण फोडायचं, ॲसिड गटारात ओतायचं आणि प्लेटा उपसून पोत्यात भरायच्या. हातमोजे नव्हते. माझ्या शर्टांना चाळणीसारखी भोकं पडायची, आई म्हणायची उंदीर लागले. मागच्या परड्यात लोखंडी कढईत शिसं वितळायचं आणि तिथेच आम्ही डबा उघडून जेवायचो. माझ्याबरोबरच्या एका पोराचं पोट सारखं दुखायचं, हात कापायचे. मालकाने त्याला सुट्टी दिली आणि दुसरा पोरगा आणला. ते दुखणं शिशाचं होतं हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

काँगोचं वाचताना मला ते परडं आठवतं. बालमजुरी लांबच्या देशात असते असं मी कधी म्हणू शकत नाही.

शिसं मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात धोक्याच्या पातळीएवढं शिसं असल्याचं म्हटलं आहे आणि बॅटऱ्यांची अशी उघड्यावरची वितळण हे त्याचं एक मोठं कारण आहे. ई-रिक्षांमध्ये अजूनही याच बॅटऱ्या सर्रास असतात.

कायदा आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, ऑगस्ट २०२२. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, तिला पुरायचं नाही आणि जाळायचंही नाही. नवी बॅटरी घेताना जुनी तिथेच द्या आणि पावती घ्या. भंगारवाला शंभर-दोनशे जास्त देईल, ते पैसे कोणाच्या तरी रक्तातून येतात. लिथियमचा पॅक फुगला असेल तर चार्ज करू नका, टाचणीने भोक पाडू नका, वाळूच्या बादलीत ठेवून आमच्यासारख्याकडे घेऊन या.

दुकानदाराला विचारून काय उपयोग? तो काय सांगणार?

बहुतेक वेळा तो 'माहीत नाही' म्हणेल. पण पाच गिऱ्हाइकांनी एकाच महिन्यात विचारलं तर तो वर फोन करतो, हे मी काउंटरच्या अलीकडून सांगतो आहे. मलाही तेव्हाच फोन करावासा वाटला.

सेल पुरवणाऱ्या माझ्या व्यापाऱ्याला मी पत्र लिहिलं. सेल कोणी बनवला, जात कोणती, लिथियम, निकेल आणि कोबाल्ट कुठल्या देशातून आलं. दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्यानंतर एक छापील तक्ता आला. सेल बनवणाऱ्याचं नाव भरलेलं, जात भरलेली, निकेलपुढे 'इंडोनेशिया' लिहिलेलं. कोबाल्टच्या पुढची चौकट कोरी. तो तक्ता मी काउंटरच्या मागे भिंतीला लावला आहे, येणाऱ्याला वाचता येईल अशा उंचीवर. चौथं पत्र गेल्या सोमवारी रजिस्टरने पाठवलं, त्यात फक्त त्या एका चौकटीबद्दल विचारलं आहे.